चौथ्या खोलीतली उजळणी

या सदरातले अनुभव मी वर्षभर वाचतेय, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसलेय. मी नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे, अपघात विभागात. मेलेल्या माणसांचे डोळे मी या हाताने मिटलेत, एकटीने वॉर्ड सांभाळलेत. मला कधी काही दिसलं नाही, कुणी हाक मारली नाही. आमच्या माहेरी कुणाच्या अंगात येत नाही, कुणी उतारा टाकत नाही. दादाला असल्या गोष्टींचा भयंकर राग. मीही त्यातलीच. तरी हे लिहितेय, कारण यातल्या काही गोष्टी पोलिसांच्या कागदावर आहेत, त्या माझ्या मनाचा खेळ नाहीत. बाकीचं तुम्ही ठरवा.

सहा-सात वर्षं झाली. मी सव्वीस वर्षांची होते आणि दहावीची परीक्षा देत होते.

सतराव्या वर्षी माझं लग्न झालं. नववी त्याआधीच अर्धी सुटलेली. माहेर जळकोटजवळ, सासर देवणीकडच्या एका गावात. नवऱ्याचं नाव इथे विलास म्हणते, खरं वेगळं आहे. तो पहिल्या महिन्यापासून मारायचा. आधी हाताने, मग पट्ट्याने, मग हाताला येईल त्याने. एकदा गरम उलथनं पोटरीवर ठेवलं, कारण भाजीत मीठ जास्त पडलं होतं. एकदा डाव्या हाताची दोन बोटं उंबऱ्यावर ठेवून दार ओढलं. मारताना तो शांत असायचा, हे मला आजही सगळ्यात भयानक वाटतं. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. नऊ वर्षं. शेवटी त्याने वरवंटा उचलून तोंडावर मारला, जबडा सरकला, आणि मी तशीच पदर तोंडाला लावून उदगीरच्या गाडीत बसले. तिथून दादा मला लातूरला घेऊन गेला.

दादा लातूरला वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये कामाला. रेणापूर नाक्याच्या पुढे एका गल्लीत पत्र्याच्या चार खोल्या, सगळ्या एका ओळीत, पुढे सिमेंटचा कट्टा आणि लोखंडी गेट. पहिल्या खोलीत शबाना आपा, शिलाईकाम करायच्या. दुसरी आणि तिसरी आमची, आतून जोडलेल्या, बाहेरचं दार दुसरीलाच. चौथीला कुलूप. मालक औशाला राहायचा, त्याचे फवारणीचे पंप आणि रिकामी पोती तिथे पडलेली असायची. आमच्या तिसऱ्या खोलीची आणि त्या चौथ्या खोलीची भिंत एकच, एका विटेची, आणि वर पत्र्याजवळ वीतभर फट. हे सगळं नीट सांगतेय कारण पुढे त्याला अर्थ आहे.

जबडा बरा झाल्यावर प्रज्ञावहिनी म्हणाली, "बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भर. दहावी हो. पुढं बघू." वहिनी स्वतः बारावी सायन्स, तिचंही पुढचं शिक्षण लग्नात अडकलेलं. मराठी, इतिहास मला जमत होतं. गणित कसंबसं. पण विज्ञान भाग एक उघडलं की पान पुढे सरकायचं नाही. त्यातही रसायनं. आवर्तसारणी बघून मी पहिल्या दिवशी रडले होते.

वहिनी भाकरी थापता थापता शिकवायची. कळीचा चुना पाण्यात टाकून दाखवला, भांडं चटका बसेल इतकं तापलं. "हे बग, ही उष्मादायी अभिक्रिया. आता विसरशील का?" दादाच्या वर्कशॉपमधून गंजलेला पत्रा आणला, त्याच्यावर क्षरण. भांड्याला कल्हई का लावतात, लोणचं पितळेच्या डब्यात का ठेवत नाहीत. असं करत करत फेब्रुवारी संपेपर्यंत रसायनांचे चारही धडे झाले. मग उजळणी राहिली. ती माझी मलाच करायची होती.

दुपारी दादा कामावर, वहिनी लेकीला घेऊन दुसऱ्या खोलीत आडवी व्हायची. मी तिसऱ्या खोलीत भिंतीला टेकून बसायची आणि मोठ्याने वाचायची. डोळ्यांनी वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, आजही नाही. एका दुपारी पुस्तक मिटून धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी म्हणत होते. पोटॅशियम, सोडियम, लिथियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम... आणि अडकले.

"ॲल्युमिनिअम," भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं.

बाईचा आवाज. जरा बसलेला, सर्दी झाल्यासारखा. मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "मग झिंक. मग आयर्न." मला वाटलं, मालकाने खोली कुणाला भाड्याने दिली. लातूरला काय, प्रत्येक गल्लीत क्लासच्या पोरी राहायला येतात. संध्याकाळी वहिनीला सांगितलं, ती म्हणाली, "बरं झालं, सोबत झाली तुला." आम्ही दोघी बघायला गेलो तर चौथ्या खोलीला तेच कुलूप. गंजलेलं, कडीला कोळ्याचं जाळं.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "वरच्या फटीतून मागच्या घरातला आवाज येत आसंल," ती म्हणाली. मलाही पटलं. मागे खरंच घर होतं, तिथे दहावीची मुलगी नव्हती ही गोष्ट आम्हाला नंतर कळली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बोलली. तिसऱ्या दिवशीही. मला भीती वाटली नाही... हे लोकांना खोटं वाटतं. पण आठवा, मी नऊ वर्षं एका जिवंत माणसाला घाबरून काढली होती. भिंतीपलीकडून कुणी संयुजा विचारतं, याची काय भीती. उलट दुपार व्हायची मी वाट बघायची. मी प्रश्न विचारायची, ती उत्तर द्यायची. मग ती विचारायची. आणि ती चुकायचीही. एकदा म्हणाली, "ऑक्सिडीकरण म्हणजे ऑक्सिजन निघून जाणं." मी म्हटलं, "उलटं. ऑक्सिजन मिळणं, नाहीतर हायड्रोजन जाणं. ऑक्सिजन जातो ते क्षपण." ती म्हणाली, "हाव. माझं दरवेळी तिथंच चुकतं." म्हणजे तिचीही परीक्षा होती. एकदा मी विचारलं, "तुझं नाव काय?" ती म्हणाली, "पुढचा प्रश्न विचार."

वहिनीला तो आवाज कधी ऐकू आला नाही. ती येऊन बसली की पलीकडे शांत. पण शबाना आपांनी ऐकला होता. एकदा कट्ट्यावर मला म्हणाल्या, "तू और वो दूसरी, दोनों मिलके क्या पढते रे रोज? मशीन के आवाज में भी सुनाई देता." दूसरी, असं त्या म्हणाल्या. हे मी नंतर पोलिसांनाही सांगितलं.

याच दिवसांत विलासचा दादाला फोन आला. मी परीक्षेला बसलेय हे गावात कळलं होतं. तो म्हणाला, "तुझ्या बहिणीला सांग, पेपरला गेली तर मान ठिवीत न्हाई. आन् मी सांगून करायलोय, मागून म्हणू नका." आवाज नेहमीसारखाच शांत होता म्हणे. दादाने ठाण्यात तक्रार लिहून दिली. मला कुठे एकटीने जायचं नाही असं ठरलं.

विज्ञानाच्या पेपरला तीन दिवस होते. वहिनी लेकीला डोस द्यायला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "आतून कडी लाव. आपा हायेत शेजारी." मी दुसऱ्या खोलीची कडी लावली, तिसरीत येऊन बसले. ऊन मरणाचं, पत्रा तडतडत होता. दोन वाजले असतील. रासायनिक अभिक्रियांचे प्रकार चालले होते. संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन. पलीकडून तिने विचारलं, "विस्थापनाचं उदाहरण?" मी म्हटलं, "लोखंडाचा खिळा कॉपर सल्फेटच्या द्रावणात—"

"थांब," ती म्हणाली. "आता तू वाचू नको."

मला वाटलं, चुकलं काही.

"गप बस. मी वाचते."

आणि ती वाचायला लागली. मोठ्याने. आजवर ती इतक्या मोठ्याने कधी बोललीच नव्हती. बसलेला आवाज मोकळा झाला होता, आणि तो... माझ्यासारखा होता. मी अडखळते तशीच अडखळत होती. माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं.

तेवढ्यात गेट वाजलं. मग कट्ट्यावर पाय वाजले, आणि मी ते पाऊल ओळखलं. नऊ वर्षं मी त्या पावलाच्या आवाजावरून ठरवत आले होते, आज काय होणार. तो आमच्या दाराशी थांबला. एकदा हलकं ढकलून बघितलं. मग लाथ. दुसरी लाथ. कडीजवळचं लाकूड फाटल्याचा आवाज आला. मी हलले नाही. ओरडायचं होतं, पण तोंड उघडेना.

पलीकडे तिने आवाज चढवला. "लोखंडाचा खिळा कॉपर सल्फेटच्या द्रावणात टाकला असता—"

लाथा थांबल्या.

"तिकडं बसलीस व्हय," विलास म्हणाला. अगदी घरात बोलल्यासारखं.

तो चौथ्या खोलीकडे गेला. कुलपावर लोखंड आपटलं, तीन-चारदा, आणि कुलूप तुटून कट्ट्यावर पडलं. दार करकरलं. त्याच्या हातात कत्ती होती, ऊस तोडायची, हे मी तेव्हा बघितलेलं नव्हतं. पण पहिला वार पडला तेव्हा आवाजावरून कळलं. पोत्यावर कत्ती मारली तर वेगळं वाजतं, भिंतीवर मारली तर वेगळं. मी आता अपघात विभागात काम करते, तरी त्या आवाजाला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. तो मांसाचा आवाज होता.

ती ओरडली नाही. पहिल्या वारानंतरही ती वाचत होती. दुसऱ्यानंतर आवाजात पाणी भरल्यासारखं झालं. "आयर्न कॉपरची... जागा घेतं..." तिसरा. भिंतीला काहीतरी जड आपटलं, माझ्या पाठीला भिंतीतून धक्का बसला. तो दम खात होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग पुन्हा मारायला लागला. मानेवर मारतोय, मग खाली कुठेतरी, मग परत मानेवर, असं माझ्या अंगाला कळत होतं. शेवटी ती म्हणाली, "आणि निळा रंग... फिका होतो." अगदी हळू. त्यानंतर फक्त कत्तीचे आवाज आले. बराच वेळ आले.

मी दोन्ही हात तोंडावर दाबून बसले होते. मी फक्त "मी इकडं आहे" म्हटलं असतं तर तो थांबला असता. मी म्हटलं नाही.

आपांच्या किंचाळण्याने गल्ली जमा झाली. पुढचं त्यांनी सांगितलेलं. विलास चौथ्या खोलीतून बाहेर आला. सदरा छातीपासून पोटापर्यंत लाल, हात कोपरापर्यंत लाल, कत्तीवरून थेंब गळतायत. तो कट्ट्यावर बसला, कत्ती खाली ठेवली आणि म्हणाला, "मारली. बघा जाऊन." चौघा-पाच जणांनी त्याला दाबून धरलं, कुणीतरी पाण्याचा पाइप आणून हात बांधले. एकाने त्याच्या तोंडात दगड मारला, दात पडला, तरी तो काही बोलला नाही. आपा आत जायला धजेनात. गल्लीतल्या दोघांनी चौथ्या खोलीत डोकावलं, आणि ते तसेच मागे फिरले.

कारण आत कुणी नव्हतं.

मग आपांनी आमचं दार वाजवलं. "सुजाता... बेटा, तू है क्या अंदर? मैं आपा. डर नक्को."

कडी वाकून अडकली होती. बाहेरून लोकांनी खांदे लावले तेव्हा दार उघडलं. मी बाहेर आले. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. विलास समोर बसलेला. त्याने मान वर करून मला बघितलं, आणि नऊ वर्षांत मी पहिल्यांदा त्याचा आवाज चढलेला ऐकला. बांधलेल्या हातांनी तो घसटत मागे सरकायला लागला, भिंत लागली तरी पाय झाडत राहिला. त्याची पँट ओली झाली. "ही कोण हाय? हिला मारली की मी. तोंड बघून मारली. मान तुटंस्तोवर मारली. ही कोण हाय?"

मी चौथ्या खोलीत गेले. मला कुणी अडवलं नाही. फवारणीचे दोन पंप, पोत्यांचा ढीग, एक मोडकी खुर्ची. जमिनीवर बोटभर धूळ, आणि त्या धुळीत फक्त एका माणसाच्या चपलांचे ठसे. दारापासून भिंतीपर्यंत गेलेले आणि परत आलेले. भिंतीला, जिथे पलीकडून मी टेकून बसायचे, तिथे कत्तीचे घाव. विटा निघालेल्या. पण रक्ताचा एक थेंब कुठे नाही. जमिनीवर नाही, पोत्यांवर नाही, भिंतीवर नाही. कट्ट्यावर मात्र थेंब होते, तो बसला होता तिथे.

पोलिसांना आधी वाटलं, त्याचंच रक्त. त्याच्या अंगावर खरचटल्यापलीकडे जखम नव्हती, आणि तोंडातला मार नंतरचा. मग वाटलं, कुठलंतरी जनावर कापून आलाय. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा ठाण्यातल्या साहेबांनी दादाला बोलावलं, मीही गेले.

"रक्त माणसाचं आहे," ते म्हणाले. "बाईचं. तुमचं नाही, तुमच्याशी ताडून बघितलं."

"मग कुणाचं?" दादा म्हणाला.

"तेच आम्ही शोधतोय."

त्यांनी खरंच शोधलं. विलास ज्या गाडीने आला तिचा कंडक्टर म्हणाला, त्याचे कपडे स्वच्छ होते. स्टँडपासून आमच्या गल्लीपर्यंत सगळीकडे विचारलं. लातूर, उदगीर, नांदेड, कुठल्याच दवाखान्यात त्या दिवशी तशी जखमी बाई आली नाही, कुठे प्रेत सापडलं नाही, हरवल्याची तक्रार नाही. औशाच्या मालकाला दोनदा बोलावून बसवून ठेवलं. खोल्या त्यानेच बांधलेल्या, चौथीत कधी भाडेकरू ठेवलाच नव्हता. तिथे कुणी मेलं नव्हतं, कुणी जळालं नव्हतं. अशा गोष्टींत निघतं तसलं काहीच निघालं नाही.

त्या दुपारनंतर तीन दिवसांनी मी पेपरला गेले. दादा केंद्राच्या गेटवर तीन तास उभा होता. मी काय लिहिलं मला आठवत नाही, पण पास झाले. पुढे बारावी, मग नर्सिंग. विलासला शिक्षा झाली, घर फोडून जीव घ्यायला आला म्हणून. कोर्टात त्याने गुन्हा नाकारला नाही. उलट तो सारखा सांगत होता की बायको मेली, मीच मारली, आणि ही साक्ष देतेय ती बाई मला ओळखू येत नाही. त्याच्या वकिलाला वाटलं, हा वेड्याचं सोंग करतोय. मला तसं वाटलं नाही. मी पिंजऱ्यात उभी होते तेव्हा त्याने एकदाही माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही.

आम्ही ती खोली पावसाळ्याच्या आधी सोडली. तोवर मी रोज दुपारी त्या भिंतीजवळ बसायची. मालकाने विटा बसवून गिलावा केला होता. मी प्रश्न विचारायची, सोपे, तिला येणारे. मग तिचं चुकायचं तेही विचारलं. कुणी बोललं नाही. वहिनी एकदा आत आली, माझा हात धरून शेजारी बसून राहिली.

आमच्याकडच्या एका डॉक्टर मॅडमना मी हे सांगितलंय. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं मार खाल्लेल्या बाईचं मन असा आवाज तयार करू शकतं, स्वतःला वाचवायला. मी ऐकून घेतलं. मग त्यांना रिपोर्टबद्दल सांगितलं, आपांबद्दल सांगितलं. "मला माहीत नाही," असं त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या.

अपघात विभागात मारलेल्या बाया येतात. जेवढ्या येतात तेवढ्या लोकांना माहीत नसतात. मान, खांदा, पाठ. बाई बेवारस असेल, नाव सांगत नसेल, तर मी आधी तिचा आवाज ऐकायला जाते. काय ऐकायला जाते मला ठाऊक नाही. गेल्या वर्षी माहूरकडची एक आली होती, मानेवर कोयत्याचे तीन वार, जगली. टाके घातल्यावर ती पहिल्यांदा पाणी म्हणाली तेव्हा आवाज बसलेला होता, सर्दी झाल्यासारखा. हातातला ट्रे मी बाजूला ठेवला. मी खाली वाकून विचारलं, "ताई, तुम्ही दहावीला होता का कधी?"

"शाळेतच गेले न्हाई मी, सिस्टर," ती म्हणाली. "कामून?"

मी "काही नाही" म्हटलं आणि तिला चमच्याने पाणी पाजलं.

भिंतीपलीकडची ती कोण होती, मला कळलेलं नाही. त्या दुपारी मी ओरडायला हवं होतं का, तेही कळलेलं नाही.